शून्य रुपयांचं बिल

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रावर दूध टाकीत जाण्याआधी नमुना घेतात. फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) किती, यावरून दर निघतो. गाईच्या दुधासाठी ३.५ आणि ८.५ हे आकडे गोठ्यागोठ्यात पाठ असतात. दूध एकदा टाकीत मिसळलं की कुणाचं कसं होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रोग्राममध्येही तसंच: आकडा आत मिसळण्याआधीच तपासायचा. हा हिशोब जावात लिहू. मेथडकडे फॅट येते. पहिल्याच ओळीत अट घातली: फॅट शून्याहून कमी किंवा पंधराहून जास्त असेल, तर 'इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन' फेका. पक्की वाटते ना?

आता समजा, मशीन बंद पडलं. दूध २० लिटर आलं, पण फॅटची नोंद एकही नाही. सरासरी काढताना शून्याला शून्याने भागलं गेलं. पूर्णांक असते तर जावाने तिथेच अडवलं असतं. 'डबल' प्रकारात मात्र उत्तर येतं 'नॅन', म्हणजे संख्याच नाही. नॅन शून्याहून लहान आहे का? नाही. पंधराहून मोठा? तेही नाही. झालं, नॅन बिनबोभाट आत! त्याला कशानेही गुणा, नॅनच उरतो. शेवटी रुपये पूर्ण करायला 'मॅथ.राउंड' वापरलं की त्याचं होतं चक्क शून्य. एरर नाही, इशारा नाही. २० लिटर दुधाचे शून्य रुपये!

यात जावा चुकत नाही. १९८५च्या 'आयट्रिपलई ७५४' मानकानुसार नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. बदलायचा तो आपला प्रश्न. 'चुकीचं आहे का?' असं न विचारता 'बरोबर आहे का?' विचारा: फॅट शून्य ते पंधराच्या आत नसेल, तर अडवा. आता नॅन दारातच अडकतो.

अशा तपासणीसाठी 'असर्ट' वापरू नये; मुद्दाम चालू केल्याशिवाय ते बंदच असतं. 'नल', म्हणजे मूल्यच नसणं, अडवायला जावा ७ पासून 'ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल' आहे. सर्वांत देखणा मार्ग २०२१च्या जावा १६ मधल्या 'रेकॉर्ड'चा. फॅटचाच छोटा रेकॉर्ड करा, तपासणी त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ठेवा. मग चुकीची फॅट जन्मालाच येत नाही, आणि पुढच्या दहा मेथडना तीच अट पुन्हा लिहावी लागत नाही.

एक्सेप्शनच्या संदेशात आलेला आकडाही लिहा: 'फॅट ० ते १५ हवी, आली ३५'. टिंब राहून गेलंय, हे वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं आणि शेतकऱ्याचा दुधाचा पगार चुकत नाही.