तुटणारी जोडणी आणि वाड्याच्या भिंती

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घरांची मुले आता पुण्या-बंगळुरास, टोरांटोस आणि सिडनीस विखुरली आहेत. रविवार सकाळचे पडद्यावरील संभाषण हाच पुष्कळ नातवंडांच्या कानी मराठी पडण्याचा एकमेव तास उरला आहे. आजीचे वाक्य मध्येच तुटले, चित्र गोठले, की तिकडचे मूल कंटाळते आणि ‘ओके, बाय’ म्हणून मोकळे होते. चार-सहा वेळा असे झाले म्हणजे आजीही ‘तुम्हीच बोला’ म्हणून बाजूस बसते. म्हणून घरातील इंटरनेट वारंवार का तुटते, हा प्रश्न आम्ही केवळ यंत्रतंत्राचा मानीत नाही.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे अधिक पैशांची, अधिक वेगाची योजना घेणे. आमच्या मते हा उपाय शेवटचा असावा. एका व्हिडिओ-संभाषणास सेकंदाला साधारण १ ते ४ मेगाबिट इतका प्रवाह पुरतो. १०० मेगाबिटांची योजना असूनही बोलणे तुटत असेल, तर २०० मेगाबिटांनी ते जुळेल असे मानण्यास काय आधार?

दोष घराबाहेरचा की घरातला, हे आधी ठरवावे. फायबर ज्या पेटीत येऊन मिळते तिच्यावरील दिवे पाहावेत. ‘एलओएस’ हा दिवा तांबडा लुकलुकत असेल, तर काचेच्या तंतूतून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही. मग बाहेर तार तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा कपाट सरकवताना ती मागे चेपून मुडपली असेल. काचतंतूस तीव्र वळण सोसत नाही. मात्र त्याचे टोक उपसून डोळ्याला लावून पाहू नये, कारण त्यातील लेसर-प्रकाश दिसत नसला तरी अपायकारक ठरू शकतो.

दिवे ठीक असतील, तर संगणक तारेने थेट राउटरला जोडावा आणि एक संभाषण करून पाहावे. तारेवर सर्व सुरळीत आणि वायफायवर अडखळते, तर कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही. दोष आपल्याच छपराखाली आहे. घरात कोणी जाणता मुलगा असल्यास त्याला वायफायवरून राउटरच्याच पत्त्यावर ‘पिंग’ करावयास सांगावे. तो पत्ता बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. उत्तरे कधी २ तर कधी ४०० मिलिसेकंदांनी येऊ लागली, किंवा मधूनमधून येतच नसली, तर घरातल्या घरातच लहरी अडत आहेत असे समजावे.

आणि त्या अडतात कोठे? बडोद्याच्या दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. राउटर दिवाणखान्याच्या कोनाड्यात, दूरदर्शन-संचाच्या मागे दडवलेला. आजींची खोली चौकापलीकडे, मध्ये हात-हात जाडीच्या दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. मुलाने परदेशातून योजना दोनदा वाढवून दिली होती! राउटर कोनाड्यातून काढून चौकाकडील ओसरीवर, माणसाच्या उंचीएवढ्या फळीवर ठेवला आणि निम्मे काम झाले. चौक उघडा असल्याने लहरींना तेथून वाट मिळते. आपल्या पूर्वजांनी उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेली ही जागा अशीही उपयोगी पडावी, याचे आम्हांस कौतुक वाटले. उरलेले काम तारेने केले. जिन्याच्या कडेने तार नेऊन आजींच्या खोलीत दुसरे वायफाय-यंत्र बसविले. अशी तार १०० मीटरपर्यंत खुशाल नेता येते. तार नेणे अशक्य असेल तेथे लहरी पुढे पाठविणारे यंत्र घ्यावे, पण ते लहर जेथे पोहोचतच नाही त्या खोलीत नव्हे, तर वाटेत मध्यावर ठेवावे.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून बरी जाते, पण तेथे शेजाऱ्यांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच सुमारास गुणगुणते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण भिंतीला लवकर हार जाते. एकाच खोलीत बसून बोलावयाचे तर दुसरी घ्यावी.

वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात राउटर बंद पडून पुन्हा उठतो, त्यात चार मिनिटे जातात. १२ व्होल्टची लहान बॅटरी-पेटी त्यावर पुरेशी आहे. जुना ॲडाप्टर तापून क्षीण झाला, तरी हाच खेळ दिवसभर चालतो. राउटर बंद करून चालू केल्याने बरे वाटते खरे. पण रोज तसे करावे लागत असेल, तर त्याने दोष झाकला जातो, जात नाही.

तारेवरही रात्री आठ-दहाच्या सुमारासच वेग मंदावत असेल, तर मात्र दोष बाहेरचा असण्याचा संभव अधिक. बाहेरील एक काचतंतू बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. अशा वेळी वहीत तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती आणि तारेवर मोजलेला वेग लिहून ठेवावा आणि तक्रारीचा क्रमांक अवश्य मागावा. कारागीर भर दुपारी येतो, तेव्हा सारे ठीक चाललेले असते. वही त्याच्यापुढे ठेवावी, आणि तो निघण्यापूर्वी त्याच्यादेखत आजीच्या खोलीतून एक संभाषण करून पाहावे.