पहिल्या धारेची गोष्ट

मराठी भाषा दारूच्या बाबतीत मोठी दुटप्पी आहे. गाणे रंगले, स्वयंपाक साधला, की आपण ‘आज भट्टी झकास जमली’ म्हणतो. अस्सल, बिनभेसळ माणसाला ‘पहिल्या धारेचा’ म्हणून गौरवतो. ही धार पडते कुठून, हे मात्र चारचौघांत कुणी सांगत नाही. इतकी वर्षे मराठी शिकवीत आहे. वर्गात हा वाक्प्रचार निघाला, की मागच्या बाकांवर खसखस पिकते आणि मी घाईघाईने पुढच्या शब्दाकडे वळतो.

अशा मास्तराने सहकुटुंब, तिकीट काढून, दारूची भट्टी पाहायला जावे हे वरोऱ्याच्या रीतीला धरून नाही. पण गेल्या एप्रिलात आम्ही गोव्याला गेलो आणि आमच्या कन्यारत्नाने परस्पर बेत ठरवून टाकला. सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, काजूच्या बागेत फेणी कशी काढतात ते दाखवतात आणि शेवटी तीन प्रकार चाखायला देतात, अशी तिने बातमी आणली. सौभाग्यवतींनी आधी माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे, आणि म्हणाल्या, “तिकीट कशाचं? बघायचं की प्यायचं?” मुलगी म्हणाली, “आई, शिकायचं.” शिक्षकाच्या घरात या शब्दापुढे कुणाचे काही चालत नाही.

डोंगरउतारावर काजूची झाडे आणि पायथ्याशी ओढ्याकाठी झावळ्यांची एक शाकारलेली मांडवी. तीच भट्टी. मी मनात कारखाना धरून चाललो होतो. दिसली ती एखाद्या शेतकऱ्याच्या गुऱ्हाळासारखी जागा. मालकांचा धाकटा मुलगा माहिती सांगायला पुढे आला. कोकणी वळणाचे त्याचे मराठी ऐकायला फार गोड वाटत होते. आमच्याबरोबर पुण्याचे एक जोडपे आणि बंगळुरूचे चार तरुण होते. त्या तरुणांना भट्टीपेक्षा पेल्यांची ओढ अधिक दिसली.

पहिली गोष्ट तो सांगू लागला ती ही, की फेणीसाठी काजूचे बोंड झाडावरून तोडायचे नाही. पूर्ण पिकून आपोआप खाली पडलेलेच उचलायचे. बोंडाच्या टोकाची बी पिळून काढायची, ती वेगळी विकायची, आणि उरलेले रसाळ बोंड कोळंबीत टाकायचे. कोळंबी म्हणजे खडकात कोरलेले किंवा चिऱ्याचे बांधलेले उथळ कुंड. त्यात उतरून माणसे पायांनी बोंडे तुडवतात. चोथ्याचा ढीग करून, त्याला वेल गुंडाळून, वर जड धोंडा ठेवतात. त्यातून ठिबकणारा स्वच्छ रस म्हणजे नीरो. तो आम्हांला पहिल्याने दिला. त्यात नशा नाही, नुसते सरबत. घशाला किंचित खरखर लागते, पण उन्हात जीव निवतो. हा पेला सौंनी निःशंक संपवला आणि आणखी अर्धा मागितला.

तुडवून काढलेला रस साधारण तीन दिवस आंबवतात. त्यात साखर नाही, पाणी नाही, बाहेरचे विरजण नाही. हवेत आणि फळाच्या सालीवर जे असते तेच काम करते. रस फसफसतो, वर फेस येतो. ‘फेणी’ हे नाव याच फेणावरून, फेसावरून आले. इथे आमच्या घरचा खरा तज्ज्ञ जागा झाला. सौंनी पिंपात वाकून वास घेतला आणि विचारले, “उकाडा जास्त असला तर दोन दिवसांतच होत असेल ना? इडलीच्या पिठासारखं?” तो मुलगा खूश झाला. म्हणाला, त्याची आजीसुद्धा असेच कान लावून, आवाज ऐकून, रस तयार झाला की नाही ते सांगत असे. फसफस थांबली की भट्टीला चढवायचा.

भट्टीही पाहण्यासारखी होती. चुलीवर तांब्याचे मोठे भांडे, त्याला भाण म्हणतात. त्याच्या तोंडातून निघालेली नळी दुसऱ्या मडक्यात गेलेली. हे मडके म्हणजे लावणी. आंबलेला रस उकळू लागला, की मद्याचा अंश पाण्याआधी वाफ होऊन निघतो. शुद्ध मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. ही वाफ नळीतून लावणीत येते, लावणीवर सारखे गार पाणी पडत असते, आणि आत थेंब जमतात. पहिल्या खेपेला निघतो तो उराक. तो सौम्य, आणि टिकत नाही. त्या हंगामातच संपवायचा. गोव्यात तो लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. उराक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा उकळला, की फेणी उतरते. कडकपणा पूर्वी ‘ग्राव’ या पोर्तुगीज मापाने सांगत. जुनी माणसे आजही बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते पाहतात आणि त्यावरून माल ओळखतात.

आता चव. अंगठ्याएवढे पेले, त्यांत जेमतेम एक घोट. आधी दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्या, असे सांगण्यात आले. फेणीचा वास अंगावर येतो हे खरेच. पण तळहात सुकल्यावर मागे उरला तो पिकलेल्या फळाचा वास, अगदी परसातला. मी घोट घेतला. जिभेला चटका बसला, आणि मग उशिरा, घशाच्या पलीकडून, ते बोंड परत आले. सौंनी वास घेऊन पेला खाली ठेवला. “कळलं,” एवढेच त्या म्हणाल्या. बंगळुरूच्या तरुणांनी तो पेलाही मागून घेतला, पण त्या मुलाने हसत हसत दिला नाही. एका माणसाला तीनच, हा त्यांच्या घरचा नियम. मला फेणीपेक्षा हा नियम अधिक लक्षात राहिला.

या फेणीला मान आयता मिळालेला नाही. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून सोळाव्या शतकात आणले; त्याआधीपासून गोव्यात माडाची फेणी होतीच. दोन्ही सरकारी कागदावर कितीतरी वर्षे ‘देशी दारू’ म्हणून राहिल्या आणि त्यामुळे राज्याबाहेर विकता येईनात. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जसे दार्जिलिंगच्या चहाला आहे, तसे. २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसापेय ठरवले. २०२१ साली कांदोळीला नंदन कुडचडकर यांनी केवळ फेणीची जुनी भांडी, बरण्या, मापे यांचे संग्रहालय उघडले. सांगायचे ते एवढेच, की माल तोच राहिला आणि त्याच्यावरची पाटी बदलली. ती बदलायला मात्र माणसांना बरीच धडपड करावी लागली.

त्या मांडवीत बसलो होतो तेव्हा माझे अर्धे मन वरोऱ्यात होते. कारण काजू पिकतो त्याच दिवसांत आमच्याकडे मोह गळतो. मार्च-एप्रिलात मोहाचे झाड पाने टाकून उभे असते, आणि पहाटे त्याची मांसल, पिवळसर पांढरी फुले टपटप खाली पडतात. गोंड, कोलाम, माडिया बायका नि मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण उन्हे वर आली की फुले कोमेजतात. आणखी एक कारण म्हणजे अस्वल. त्यालाही मोहफुलांचा भारी नाद, आणि पहाटे झाडाखाली माणसाची नि त्याची गाठ पडली तर फार वाईट. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात अशी माणसे दरवर्षी जखमी होतात, काही दगावतात. अंगणात वाळवलेली फुले मनुकांसारखी तांबूस होतात. दुष्काळात त्यांवर पोटे भरली आहेत. बियांचे तेल निघते. आणि फुले भिजवून, आंबवून, मडक्यावर मडके ठेवून जी धार काढतात ती जन्म, लग्न, मरण, देवपूजा या सगळ्यांत लागते. पडलेलेच उचलायचे, आपोआप आंबू द्यायचे, वाफ गार करायची. सत्तरीच्या त्या मुलाने सांगितलेले प्रत्येक वाक्य इथे जसेच्या तसे बसते.

ही विद्या नवी नाही. आयुर्वेदात मधूकासव आहे. मधूक म्हणजेच मोह. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याचे नियम वाचून आजचा आबकारी अधिकारीही चकित व्हावा. ओळखीच्या, चांगल्या चालीच्या माणसालाच थोडी दारू बाहेर नेता येई. इतरांनी तिथेच बसून प्यायची. आणि सण, जत्रा, यात्रा असेल तेव्हा चार दिवस दारू गाळण्याची मोकळीक. म्हणजे बंदी आणि मोकळीक यांतली मधली वाट त्या शहाण्या ब्राह्मणाला सुचली होती.

इंग्रजांना ती परवडणारी नव्हती, कारण त्यांना महसूल हवा होता. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने घरोघरच्या भट्ट्या मोडल्या आणि दारू ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांत गेली. तरी ठाणे-कुलाब्याच्या रानात लोक मोहाची धार काढीतच राहिले, म्हणून १८९२ साली खास मोहाचा कायदा आला आणि झाडाचे फूल जवळ बाळगणे हाच गुन्हा होऊन बसला! स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला, हेतू उदात्त होता. पण मोहफुलांमागचा पोलीस काही हटला नाही. फुले गोळा करणे, साठवणे, नेणे यांवरचे निर्बंध महाराष्ट्रात उठले ते २०२१ साली. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ च्या धोरणात मोहाच्या दारूला वारसामद्य म्हटले आणि अलीराजपूर व दिंडोरी जिल्ह्यांत आदिवासी बचतगटांच्या छोट्या भट्ट्या सुरू झाल्या. काचेच्या बाटलीत, चिठ्ठी लावलेली मोहाची दारू! आमच्या गावी ती प्लास्टिकच्या पिशवीत, पदराखालून विकली जाते.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मास्तर आता आमच्याकडेही तिकीट लावून भट्टी दाखवा म्हणणार. तसे म्हणणे सोपे नाही, निदान वरोऱ्यात राहून तरी नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती वरून लादलेली नव्हती. गावोगावच्या बायकांनी मागून घेतली होती, आणि डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्यासारखी माणसे त्या मागणीपाठी उभी होती. चंद्रपूर जिल्ह्यात बायका चिमूरहून नागपूरला विधानसभेवर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून इथेही बंदी आली. २०२१ साली ती उठली. मधल्या सहा वर्षांत दारू मिळत नव्हती असे छातीवर हात ठेवून कुणी सांगणार नाही. उलट मोहाची जागा कुजका गूळ आणि नवसागर यांनी घेतली, कारण चोरून, घाईने काढायची ती अशीच निघते. मालवणीला, मुंबईत, जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे विषारी दारूने गेली; ती फुलाफळाच्या दारूने नव्हे, तीत मिसळलेल्या मिथेनॉल या कारखान्यातल्या विषाने. लपवाछपवीच्या धंद्यात भेसळ कुणी केली हे विचारायची सोय नसते. सत्तरीतल्या भट्टीवर मात्र मालकाचे नाव लिहिलेले होते आणि त्याचा मुलगा समोर उभा होता.

तरीही हिशेब एवढ्यावर मिटत नाही. गोव्याहून परतल्यावर आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सौंनी सगळी हकिकत सांगितली. मावशी मूळच्या चिमूरकडच्या. बंदीसाठी निघालेल्या मोर्चात त्या चार मुक्काम चालल्या होत्या. त्यांनी हातातले पातेले खाली ठेवले आणि मला विचारले, “सर, दारू पायाले तुमी पैसे देल्ले?”

“हो. मावशी, तिथं बघायला लोक लांबून येतात.”

“अन् एका मानसाले किती देते?”

“तीन पेले. एवढेसे, अंगठ्याएवढे.”

“मंग?”

“मग घरी जायचं.”

“अन् घरी गेल्यावर?” असे म्हणून त्या पुन्हा पातेले घासू लागल्या.

कौटिल्यापासून गोवा सरकारपर्यंत मी वाचलेल्या कुठल्याही कागदात या प्रश्नाचे उत्तर नाही. भट्टी, धार, वास, वारसा या सगळ्याच्या गोष्टी झावळ्यांच्या मांडवीत संपतात. मावशींची गोष्ट दाराची कडी वाजते तिथून सुरू होते. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. कशाने गेले ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

पण मोहाच्या झाडावर त्यांचा राग नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळले. माहेरी मोहाची भाकरी होत असे, फुले उकडून मुलांना देत, असे त्या एकदम उल्लासाने सांगू लागल्या. पुढच्या आठवड्यात भावाकडून आणलेली पायलीभर वाळकी फुले त्यांनी सौंपुढे ठेवली. आतले केसर झटकून काढायचे, मंद आचेवर परतायचे, खलबत्त्यात कुटायचे, तिळाचा कूट घालून लाडू वळायचे; गूळ लागलाच तर किंचित, कारण फुलातच साखर भरपूर. सौंनी गोव्यात पिंपावर वाकून घेतला होता तसाच वास घेतला आणि कामाला लागल्या. यंदाच्या फराळात चिवडा-चकलीशेजारी हे काळपट लाडूही आहेत. घरात सगळ्यांना आवडले. शेजारी पाठवायचे की नाही, आणि पाठवले तर कशाचे म्हणून सांगायचे, यावर अजून खल चालू आहे.