बाळापूरच्या किल्ल्यात एक दालन हवे

अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात राजनापूर खिनखिनी नावाचे गाव आहे. तिथे जमिनीतून निघालेल्या जैन कांस्यमूर्ती मूर्तिकलेच्या अभ्यासकांना चांगल्या ठाऊक आहेत. पण त्या पाहायच्या तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, गाठावा लागतो. यात कुणाचे कारस्थान नाही. १९०२ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला, पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, आणि प्रांताचे संग्रहालय १८६३ पासून नागपुरात होते. जमिनीत सापडलेले धन सरकारला कळवण्याचा कायदा १८७८ चा. तेव्हा नांगराच्या फाळाला लागलेली वस्तू कचेरीमार्गे राजधानीत जाणे ही त्या काळची रीतच होती. पुढे प्रांत मोडला, राज्य बदलले. वस्तू मात्र जिथल्या तिथे राहिल्या.

वस्तू नागपुरात सुखरूप आहेत, मग तक्रार कसली? तक्रार अशी, की गावापासून तुटलेली वस्तू सुंदर दिसते पण निम्मीच बोलते. अचलपूरजवळच्या चम्मक गावचा ताम्रपट घ्या. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने भोजकट राज्यातले, मधु नदीकाठचे हेच गाव एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात कोरले आहे. दानाला अटी आहेत: राजद्रोह, चोरी, व्यभिचार करायचा नाही, लढाई करायची नाही, दुसऱ्या गावांचे नुकसान करायचे नाही. कुठल्याही दालनात हा दीड हजार वर्षांचा दस्तऐवज आहे. अचलपूरच्या माणसासाठी मात्र ते शेजारच्या शिवाराचे दानपत्र ठरेल. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. पुराणांच्या यादीत नसलेले काही राजे त्या नाण्यांमुळे कळले. गावाबाहेरची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, उकरून माती शेतात टाकताना तिथे काय असू शकते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला अशा वस्तू जवळ पाहिल्यावरच पटेल.

म्हणून वऱ्हाडातल्या वस्तूंचे एक दालन वऱ्हाडातच हवे. ते नव्या सिमेंटच्या इमारतीत नको, जुन्या वास्तूत हवे. अकोला जिल्ह्यातलाच बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर उभा आहे. अचलपूरचा नवाब इस्माईल खान याने तो १७५७ मध्ये पुरा केला. जवळच मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. इथे वास्तू हीच पहिली प्रदर्शित वस्तू. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात लोक मातीच्या प्रतिकृती पाहतात तितकेच छत आणि खांबही पाहतात, कारण ती इमारत नीट दुरुस्त करून २००८ साली पुन्हा उघडली.

जुन्या भिंतींत ओल येते, हा आक्षेप खरा आहे. तांब्या-कांस्याच्या वस्तूंना अकोल्याच्या उन्हापेक्षा पावसाळ्यातला दमटपणा आणि क्षार अधिक घातक. म्हणून कांस्यमूर्ती नागपुरातच राहू द्याव्यात आणि बाळापुरात उत्तम प्रतिकृती ठेवाव्यात. पाषाणशिल्पे, खापरे, विटा अस्सल ठेवता येतात. दुसरा आक्षेप, किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, हात कसा लावणार? पण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण स्वतःच सारनाथला १९१० पासून स्थळ-संग्रहालय चालवते. उत्खननातल्या वस्तू त्या जागेशेजारी ठेवाव्यात हा विचार त्याच खात्याचा. तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: आडगावी बघायला येणार कोण? धाराशिव जिल्ह्यातले तेर हे खेडेच. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या वस्तू जमवल्या, त्यातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले आणि देशोदेशीचे अभ्यासक तिथे जातात. बाळापूर तर मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे.

खर्च लागेल, आणि तो एकदाच करून भागणार नाही. पहारा, वीज, जाणता संग्रहपाल दरवर्षी हवा. तेवढी तयारी नसेल तर हे काम सुरूच करू नये. तयारी असेल तर अकोला-अमरावतीच्या लोकप्रतिनिधींनी सर्वेक्षणाकडे लेखी मागणी करावी. तोवर नागपूरला जाणाऱ्या वऱ्हाडी वाचकांनी अजब बंगल्यात राजनापूर खिनखिनीच्या मूर्ती कुठे आहेत, हे विचारून त्या अवश्य पाहाव्यात.