‘ऑर्डनन्स’ आणि ‘ऑर्डिनन्स’

जबलपूर शहरालगत खमरिया येथे दारूगोळा तयार करणारा एक जुना कारखाना आहे. त्याच्या इंग्रजी नावात ‘ऑर्डनन्स’ हा शब्द येतो. तो लिहिताना पुष्कळांकडून मध्ये ‘आय’ हे अक्षर अधिक पडते आणि ‘ऑर्डिनन्स’ असा निराळाच शब्द सिद्ध होतो. चूक एका अक्षराची. अर्थ मात्र पार बदलतो.

‘ऑर्डनन्स’ म्हणजे तोफा, दारूगोळा आणि तदनुषंगिक युद्धसामग्री. म्हणूनच अशा कारखान्यास आपण ‘आयुध निर्माणी’ म्हणतो. जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, तर खमरियाचा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन हे कारखाने सरकारी कंपन्यांकडे गेले.

‘ऑर्डिनन्स’ म्हणजे अध्यादेश. वृत्तपत्रांच्या भाषेत वटहुकूम. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नसताना राज्यघटनेच्या अनुच्छेद १२३ अन्वये राष्ट्रपती तो काढतात. संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्यास मान्यता न मिळाल्यास तो संपुष्टात येतो.

वस्तुतः हे दोन्ही शब्द एकाच कुळातले. ‘व्यवस्था लावणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून जुन्या फ्रेंच भाषेमार्गे ते इंग्रजीत आले. कालांतराने लष्करी अर्थासाठी आखूड रूप रूढ झाले.

जबलपूरचे नाव दुसऱ्या शब्दाशीही जोडले गेलेले आहे. २९ जून १९७५ रोजी अंतर्गत सुरक्षा कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती झाली आणि आणीबाणीसाठी आवश्यक म्हणून जाहीर केलेल्या स्थानबद्धतेची कारणे कळविण्याचे बंधन उरले नाही. स्थानबद्धांचे अर्ज जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. राष्ट्रपतींचा आदेश अंमलात असेतो त्यांना दाद मागता येणार नाही, असा निर्णय २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने झाला. न्यायमूर्ती खन्ना यांनी एकट्यांनी विरुद्ध मत नोंदविले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो निर्णय चुकीचा ठरविला.

तेव्हा भाषांतरकाराने संदर्भ पाहावा. तोफ, कोठार वा सैन्य यांचा उल्लेख असेल तर ‘ऑर्डनन्स’. राष्ट्रपती, राज्यपाल किंवा कायदा यांचा असेल तर ‘ऑर्डिनन्स’. ही तसदी घेतली नाही, तर आयुध निर्माणीत अध्यादेश तयार होऊ लागतील, आणि ज्या वटहुकमाने माणसांचे स्वातंत्र्य गेले तो वाचकाला दारूगोळा वाटेल.