वीस अक्षरांचा मंत्र

तुमच्या घरात आज पस्तिशी-चाळिशीला आलेले एखादे मामा किंवा काका असतील, तर त्यांना ‘टीव्ही गेम’बद्दल विचारून पाहा. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर चढला की दुपारी घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसते. १९९० नंतरच्या दशकात अशा दुपारी ज्या घरी टीव्ही गेम असेल त्या घरी गल्लीतली सगळी पोरे जमत. प्लॅस्टिकचा एक डबा, त्याला वायरीने जोडलेले दोन रिमोट आणि वरच्या खाचेत बसवायची कॅसेट, एवढाच सगळा सरंजाम. कॅसेट चालली नाही तर तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा उपाय सर्वांना ठाऊक. (तो मुळीच शास्त्रीय नव्हता. फुंकरीतल्या ओलाव्याने धातूची टोके उलट खराबच होत. काम होई ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे.)

कॅसेटवर ‘९९९९ खेळ एकात’ असे ठसठशीत छापलेले असे. आम्ही मुलांनी एकदा वही घेऊन मोजदाद केली. खरोखर वेगळे खेळ निघाले पाच-सहा. बाकीची यादी म्हणजे तेच खेळ, निराळ्या नावाने, पुढच्या टप्प्यापासून सुरू केलेले. मारिओ उड्या मारी, रणगाडे विटा फोडीत, बंदुकवाले धावत सुटत. आणि अर्ध्या तासात सारे संपून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हा डबा म्हणजे जपानमधील निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राची नक्कल होती. मूळ यंत्र १९८३ च्या जुलैत तिकडे विक्रीला आले. मौज अशी की याच यंत्रावर जपानी मुले आणखी एका जातीचे खेळ महिनोन्‌महिने खेळत होती. त्यात राज्य असे, गावे असत, माणसांशी बोलणे असे. पहिल्या दिवशी साध्या काठीने लढणारा पोरगा हळूहळू शूर योद्धा होई. मी पाहिलेल्या एकाही ‘९९९९’ कॅसेटमध्ये असा खेळ नव्हता. तो का नव्हता, या प्रश्नाच्या मागे लागले की संगणकशास्त्रातल्या बऱ्याच गमती हाती लागतात.

या खेळांना भूमिका वठवण्याचे खेळ म्हणतात. त्यांचे मूळ मात्र जपानी नव्हे. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. तो मेजाभोवती बसून, फासे टाकून आणि कागदावर आकडे मांडून खेळायचा. १९८१ साली ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ या नावांनी तो प्रकार संगणकावर आला. हे दोन खेळ पाहून युजी होरी या जपानी तरुणाला वाटले की असे काही आपल्या मुलांच्या साध्या यंत्रावर, त्यांच्या भाषेत का होऊ नये? कोइची नाकामुरा यांच्या साहाय्याने त्याने ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. २७ मे १९८६ रोजी तो बाजारात आला.

आता अडचण पाहा. या खेळाच्या कॅसेटमध्ये जागा होती अवघी ६४ किलोबाइट. हा जो लेख तुम्ही वाचत आहात, तसे जेमतेम दोन-अडीच लेख संगणकात टंकून ठेवले तर तेवढ्याने ती भरून जाईल. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज तिच्या तीस-चाळीस पट जागा खातो. एवढ्याशा जागेत राज्य, किल्ले, गुहा, राक्षस, संगीत आणि पानेच्या पाने संभाषण कसे मावले?

प्रथम अक्षरांकडे पाहू. जपानी भाषेत हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला आहेत, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. त्यांखेरीज हजारो चित्राक्षरे, ती निराळीच. पडद्यावर दाखवायच्या प्रत्येक अक्षराचे चित्र कॅसेटमध्ये साठवावे लागते. होरींनी चित्राक्षरे सरळ वगळली आणि सारा मजकूर पहिलीच्या पुस्तकासारखा हिरागानात लिहिला. परंतु परकी वाटणारी नावे काताकानात लिहिण्याची तिकडे रीत आहे आणि त्यासाठी जागा उरली केवळ २० अक्षरांची. तेव्हा होरींनी २० अक्षरे निवडली आणि राक्षसांची, मंत्रांची नावे तेवढ्यातूनच घडवली. ‘सुराइमु’ हा थेंबासारखा राक्षस, ‘होइमी’ हा जखम भरून काढणारा मंत्र, ‘रुरा’ हा घरी पोचवणारा मंत्र, सारे त्या विसांतलेच. ही नावे जपानमध्ये आजही पोरासोरांना पाठ आहेत. जागा नव्हती म्हणून ती तशी झाली, हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊकही नसेल.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. कोणतीही दहा व्यंजने निवडा, काना-मात्रा फुकट घ्या, आणि तेवढ्यात खानदेशातल्या किती गावांची नावे लिहिता येतात ते मोजा. पारोळा साधेल, शिरपूरही साधेल, पण चाळीसगाव आले की तुमची ओढाताण सुरू होईल.

नकाशाचेही तसेच. तो फरशीच्या तुकड्यांसारखा जोडलेला असतो. गवत, झाड, डोंगर, पाणी असे थोडे तुकडे. त्यांतूनच सारी पृथ्वी. शिवाय एकसारखे तुकडे सलग आले तर ते एकेक करून लिहायचे नाहीत. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेची नोंद करताना आपण ‘केळ, केळ, केळ’ असे साठ वेळा लिहितो काय? ‘केळी ६०’ लिहून मोकळे होतो. पुढे १९८७ साली आलेल्या ‘फायनल फॅन्टसी’ या खेळात जगाचा नकाशा २५६ उभे आणि २५६ आडवे, म्हणजे ६५,५३६ तुकड्यांचा होता. तो याच युक्तीने आखडून बसवला होता.

पण खरी पंचाईत पुढेच आहे. असा खेळ एका बैठकीत संपत नाही. यंत्र बंद केले की त्याची तात्पुरती स्मृती पुसली जाते. ती तरी केवढी, २ किलोबाइट. मग काल जिथे थांबलो तिथून आज पुढे कसे जायचे?

‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये राजा तुम्हाला एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगत असे. तो २० अक्षरांचा, अर्थहीन. वहीत उतरून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा टंकायचा. मंत्रात ६४ वेगवेगळी चिन्हे येऊ शकत. ६४ म्हणजे २ चा सहावा घात. म्हणून एका चिन्हात ६ बिट माहिती बसते आणि वीस चिन्हांत १२० बिट. त्यातले २४ बिट नायकाच्या चार अक्षरी नावाला, १६ अनुभवाच्या गुणांना, १६ सोन्याच्या नाण्यांना. उरलेल्यांत शस्त्रे, सामान वगैरे. १६ बिटांत मोठ्यात मोठी संख्या ६५,५३५ मावते, म्हणून कितीही राक्षस मारले तरी खजिना त्यापुढे जात नसे! नायकाची पातळी मात्र लिहून ठेवायची गरज नव्हती, कारण ती अनुभवाच्या गुणांवरून काढता येते. तो उभा कुठे होता हेही लिहिले नव्हते. मंत्र टंकला की तो दरबारात राजापुढेच उभा राही. जागा वाचवण्याची ही युक्ती कथेत किती बेमालूम बसली आहे पाहा.

अशा मंत्रांची एकूण संख्या ६४ चा विसावा घात, म्हणजे १ वर ३६ शून्यांपेक्षाही अधिक. अंदाजाने ठोकलेला मंत्र क्वचितच चाले, कारण त्यात एक पडताळणीची संख्याही गुंफलेली असे. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक असाच पडताळणीचा असतो. एक अक्षर चुकले की यंत्र म्हणे, मंत्र चुकीचा आहे. आणि आठवड्याची मेहनत पाण्यात. आपल्याकडे घाईत लिहिताना घ-ध आणि भ-म यांचा घोटाळा होतो ना, तसा जपानी मुलांचा ‘नु’ आणि ‘मे’ या अक्षरांचा होई. १९८७ च्या दुसऱ्या भागात मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. किती वह्या रागाने फाडल्या गेल्या असतील, कल्पना करा!

त्याच वर्षी डिसेंबरात हिरोनोबु साकागुची यांचा ‘फायनल फॅन्टसी’ आला. त्यात नायक चार, आणि प्रत्येकासाठी सहा पेशांतून एक निवडायचा: योद्धा, चोर, मल्ल, आणि तीन प्रकारचे मांत्रिक. चौकडी किती प्रकारे बनेल? हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला अनोळखी नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, अशी त्यात नोंद आहे. त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) विचारले आहे की सहा रसांतून एक, दोन, तीन असे घेत गेल्यास पदार्थाच्या चवी किती होतील? उत्तरे ६, १५, २०, १५, ६, १, एकूण ६३.

आपल्या चौकडीत मात्र एकच पेशा अनेकांना घेता येतो, म्हणून गणित थोडे पुढे जाते. चारही पेशे निराळे असतील तर १५ प्रकार. दोघे सारखे आणि दोघे निराळे, तर ६० प्रकार. दोन सारख्या जोड्या, १५. तिघे सारखे आणि एक निराळा, ३०. चौघेही सारखे, ६. बेरीज १२६. हे आकडे कसे आले ते वर्गात फळ्यावर मांडून पाहा. उत्तर चुकले तर बहुधा जोड्यांच्या ठिकाणी चुकेल. सहा पेशे दिले आणि खेळणाऱ्याला १२६ चौकड्या मिळाल्या. वीस अक्षरांची आणि मूठभर फरशांची गोष्ट तीच आहे.

‘फायनल फॅन्टसी’त मंत्राची कटकट नव्हती. कॅसेटमध्येच ८ किलोबाइटची स्मृती आणि नाण्याएवढी लिथियमची ३ व्होल्टची बॅटरी बसवली होती. यंत्र बंद झाले तरी बॅटरी त्या स्मृतीला जागे ठेवी. ती किती दिवस पुरे? अशा बॅटरीची धारकता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. समजा, स्मृतीला २ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो. २,२०,००० भागिले २ म्हणजे १,१०,००० तास, अर्थात साडेबारा वर्षे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्येही अशीच बॅटरी होती. तो घेण्यासाठी दुकानांपुढे मैलभर रांगा लागल्या आणि शाळा बुडवून आलेल्या मुलांना पोलिसांनी हटकले. पुढे सरकारने असे खेळ सुट्टीच्याच दिवशी विकण्याचा कायदा केला, असे जगभर सांगतात. ती निव्वळ दंतकथा आहे.

या बॅटरीच्या खेळांबरोबर एक सूचना येई: रीसेटचे बटण दाबून धरा आणि मगच यंत्र बंद करा. कारण वीज तुटताना व्होल्टता क्षणभर डगमगते, तेवढ्यात यंत्र भलतेच काही स्मृतीत लिहून टाकते आणि साठवलेला खेळ बिघडतो. आता २००५ नंतरची ती वर्षे आठवा, किंवा थोरांना विचारा. भारनियमन शिगेला पोचले होते. भुसावळजवळ दीपनगरला मोठे औष्णिक वीजकेंद्र, आणि जिल्ह्यातल्या गावांत मात्र तासन्‌तास अंधार! वीज सांगून जात नसे, मग रीसेट दाबून धरणार कोण? आमच्या मारिओचे त्यात फारसे काही बिघडत नव्हते. तो पुन्हा पहिल्या विटेपासून धावू लागे. महिनाभर वाढवलेला योद्धा असता तर रडूच कोसळले असते.

आपल्या कॅसेटमध्ये हे खेळ का नव्हते, ते आता ओळखता येईल. रणगाड्यांचा खेळ २४ किलोबाइटचा, मारिओ ४० चा, ‘फायनल फॅन्टसी’ २५६ चा. यंत्राला कॅसेटमधला कार्यक्रम एका वेळी ३२ किलोबाइट एवढाच दिसतो; त्याहून मोठ्या कार्यक्रमाची पाने उलटायला कॅसेटमध्ये आणखी एक चिप लागते. त्यावर स्मृतीची चिप, त्यावर बॅटरी. स्वस्तात नक्कल करणाऱ्याला हा खर्च कशाला हवा? आणि मारिओला वाचता यावे लागत नाही. भूमिका-खेळ न वाचता खेळताच येत नाही. तो मुळात जपानीत, आणि १९८९ पासून त्यांतले थोडेच इंग्रजीत गेले. आमच्या कॅसेटीने बोटांना चपळाई दिली, गोष्ट मात्र दिली नाही, अशी माझी आजही तक्रार आहे.

मग मराठीत असा खेळ त्या यंत्रावर झाला असता काय? आलेखाचा कागद घ्या. यंत्राचा अक्षराचा चौकोन ८ उभ्या आणि ८ आडव्या ठिपक्यांचा. त्यात ‘क’ कसाबसा बसेल. ‘कौ’ लिहा, मग ‘ष्ट्री’ लिहून पाहा. बरे, बाराखडीतील प्रत्येक अक्षराचे एकेक चित्र करावे, तर क ते ज्ञ ३६ अक्षरे गुणिले १२, म्हणजे ४३२ चित्रे, जोडाक्षरे सोडूनच. आणि यंत्राच्या एका तक्त्यात मावतात २५६. म्हणजे मात्रा वरच्या चौकोनात, उकार खालच्या चौकोनात असे तुकडे करूनच अक्षर जुळवावे लागेल. जपान्यांनीही ‘क’चा ‘ग’ करणाऱ्या दोन टिंबांसाठी वरच्या ओळीतला चौकोनच वापरला होता. त्याच सुमारास पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बनवले होते. ते बसवले की साध्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी उमटे. तिथे अक्षरांची चित्रे न साठवता वर्ण आणि मात्रा यांना क्रमांक दिलेले होते आणि त्यांची जुळणी यंत्राने करायची होती. १९९१ मध्ये त्या क्रमांकांना भारतीय मानकाचे रूप मिळाले.

‘ष्ट्री’ तुम्ही किती चौकोनांत बसवलीत, ते ठिपके मोजून वहीत लिहून ठेवा. मला तीन लागले, आणि तरी ‘ट’चे पोट जरा चेपलेच.