वणीच्या थंडीत एक मीटरची काठी

२२ डिसेंबरच्या आसपास वणीतल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणात एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ रोवा. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी मुलांना सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगा. सगळ्यांत आखूड सावली बाराच्या ठोक्याला पडत नाही, सव्वाबाराच्या थोडं अलीकडे पडते. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशावर चालतात आणि वणी त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. मग ती सावली मोजा. सुमारे ९५ सेंटिमीटर भरते. काठी आणि सावली जवळजवळ सारखी! त्याच दिवशी लंडनमध्ये हीच काठी पावणेचार मीटरच्या आसपास सावली टाकते. आणि वणीत मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आगेमागे भरदुपारी तिची सावली शोधूनही सापडत नाही.

या खड्यांच्या रांगेत थंडीचं कारण दडलंय. चौकटींच्या वहीवर बॅटरीचा झोत आधी सरळ आणि मग तिरपा पाडला की मुलं स्वतःच चौकटी मोजतात. प्रकाश तेवढाच, पण तो जास्त चौकटींत वाटला गेलेला. तिरपं ऊन असंच पातळ होतं, शिवाय दिवस जेमतेम अकरा तासांचा. इथे एखादा हुशार पोरगा म्हणणारच, “सर, सूर्य लांब गेला म्हणून थंडी.” त्याला जरूर सांगावं, की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत हे अंतर १५.२ कोटी होतं. अर्धा कोटी किलोमीटर जवळ येऊनही आपण कुडकुडतो! हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती शंभर व्याख्यांनी येत नाही.

हिवाळा म्हटलं की अनेक शाळांत अजूनही तक्त्यावर बर्फाचा माणूस चढतो, आणि बर्फ म्हणून चिकटवतात कापूस. कापसाच्या मुलखात कापसाला दिलेली ही नोकरी मला जरा अपमानाचीच वाटते. त्यापेक्षा बर्फाचे दोन सारखे खडे घ्यावेत, एक उघड्या बशीत ठेवावा, दुसरा सरकी काढलेल्या कापसात जाडसर गुंडाळावा. आधी वितळेल कोण? गोधडी ‘गरम’ असते, म्हणून बरेच हात गुंडाळलेल्या खड्यासाठी वर जातील. वितळतो मात्र उघडा खडा आधी. कापूस ऊब तयार करत नाही. त्याच्या तंतूंत अडकलेली हवा उष्णतेची ये-जा रोखते, मग ती आतून बाहेर असो की बाहेरून आत. हाताच्या कामातून शिकवण्याची कल्पना या भागाला नवी नाही. १९३७च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली ती शेजारच्या वर्ध्यात. तिथूनच नई तालीम पुढे आली आणि टकळी शाळेत शिरली.

खोबरेल तेलाचा प्रयोग तर हिवाळा स्वतःच करून ठेवतो. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, शेजारच्या बाटलीतलं जवसाचं तेल मात्र वाहतं राहतं. थिजलेल्या खोबरेलाचा तुकडा पातळ खोबरेलात टाकून पाहा, तो बुडतो. बर्फ पाण्यावर तरंगतो. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या, की विचित्र कोण ते कळतं. विचित्र पाणीच.

पण वणीच्या हिवाळ्यातली खरी प्रयोगशाळा हरभऱ्याच्या वावरात आहे. पानाला बोट लावून जिभेवर टेकवलं की आंबट लागतं. हीच आंब. भिंगातून पाहिलं तर पानाच्या केसांच्या टोकांवर बारीक थेंब दिसतात. त्यांत मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. संध्याकाळी हरभऱ्यावर स्वच्छ सुती फडकं पसरायचं, पहाटे दवानं ओलं झालेलं ते फडकं वाटीत पिळायचं, ही आंब गोळा करण्याची जुनी रीत. (फवारणी झालेलं वावर मात्र टाळा, चाखायला तर नक्कीच.) त्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे उठतात. पांढऱ्या कागदावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवल्या आणि त्यावर आंबेचा थेंब सोडला, तर जांभळट रंग गुलाबी होतो. हळदीचा कागद जागचा हलत नाही, त्याला लाल व्हायला साबणाचं पाणी लागतं.

झाड हे आम्ल कशासाठी गाळतं? त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल घाटेअळीची वाढ मंद करतं. अळी मरत नाही, घाटे पोखरतेच, पण रखडते. आता तोच जास्वंदीचा कागद खिशात घालून बांध ओलांडा आणि पऱ्हाटीच्या हिरव्या पानावरचं दव टिपा. कपाशीच्या पानावरचं दव अल्कधर्मी असतं, म्हणजे आंबेच्या नेमकं उलट. कागद गुलाबी होणार नाही, झालाच तर हिरवटपणाकडे झुकेल. आणि ही घाटेअळी दोन्ही वावरांत जेवते. कपाशीत शेतकरी तिलाच अमेरिकन बोंडअळी म्हणतात.