वाचनालयातील हत्यारांचे कपाट

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे जे कोरडवाहू गाव आहे, तेथे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील मानाचे पद सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रमाची स्थापना केली, आणि शाळेशी न जमलेली ग्रामीण मुले लोहारकाम, सुतारकाम, विजेचे काम व शेती स्वतःच्या हातांनी करू लागली की त्या कामातूनच विज्ञानाची तत्त्वे त्यांच्या पदरी पडतात, हा आपला सिद्धांत त्यांनी २००३ मधील निधनापर्यंत प्रत्यक्ष आचरून दाखविला. संगणकाच्या आज्ञेने कापणारी, कोरणारी व घडविणारी यंत्रे सर्वसामान्यांच्या स्वाधीन करणारी आपली ‘फॅब लॅब’ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने स्वतःच्या आवाराबाहेर प्रथम काढली, ती २००२ मध्ये याच पाबळ गावी. हा मान एखाद्या महानगराला न लाभता महाराष्ट्रातील एका खेड्याला लाभला, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

अशी निर्मितीशाळा सार्वजनिक ग्रंथालयाच्या छपराखाली आली, म्हणजे तिला ‘मेकरस्पेस’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातील फेएटविल या छोट्या गावाच्या ग्रंथालयाने २०११ च्या सुमारास तिचा पाया घातला. आणि फिनलंडच्या राजधानीत डिसेंबर २०१८ मध्ये खुले झालेले ‘ओडी’ ग्रंथालय तर असे आहे की, तेथे एका मजल्यावर पुस्तके असून दुसऱ्या मजल्यावर नागरिक शिलाई मशीनवर कपडे शिवतात आणि थ्रीडी प्रिंटरवर वस्तू घडवितात. यात ग्रंथालयाच्या धर्माशी विसंगत असे काहीच नाही. कारण जी सामग्री एकेका कुटुंबाच्या ऐपतीबाहेरची आहे ती समाजाने मिळून विकत घ्यावी आणि प्रत्येकाने पाळीपाळीने वापरावी, याच तत्त्वावर ग्रंथालय उभे असते. वर्षातून दोनदा लागणारे ड्रिल मशीन प्रत्येक घराने का विकत घ्यावे?

थ्रीडी प्रिंटरविषयी पुष्कळांच्या मनात गूढ भीती असते, ती अनाठायी आहे. वळ्यासारखी गुंडाळलेली प्लॅस्टिकची तार या यंत्रात सुमारे २०० अंश सेल्सियसला वितळते आणि बारीक तोंडातून बाहेर पडून, संगणकावरील आकृतीबरहुकूम, मिलिमीटरच्या जेमतेम पंचमांश जाडीच्या थरावर थर रचीत जाते. फवारणी पंपाची तुटलेली मूठ वा पंख्याचे हरवलेले बटण बाजारात मिळेनासे झाले, तर त्याचे माप घेऊन तसाच जिन्नस काही तासांत तयार करता येतो. तथापि प्रारंभ या यंत्रापासून करावा, असे मला मुळीच वाटत नाही. पेचकस, पकड, करवत, रंधा, मल्टीमीटर, सोल्डरिंगचे साहित्य आणि एक शिलाई मशीन, एवढ्याने आरंभास पुरते. ज्या मुलाने फळीवर रंधा मारून, तारांना डाख देऊन, स्वतःच्या अभ्यासाचा दिवा तयार केला, त्याला विद्युतमंडल म्हणजे काय हे पुन्हा घोकावे लागत नाही.

भंडारा जिल्ह्याकडे पाहताना या गोष्टीचे महत्त्व मला विशेष जाणवते. पितळी भांड्यांसाठी एके काळी सर्वदूर ख्यातनाम असलेला भंडारा शहराचा धंदा, स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघरे व्यापली तसतसा आक्रसत गेला. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचा कोसा हातमागावर विणला जातो, परंतु नव्या पिढीला मागावर बसणे परवडत नाही. बुरुडकामाचीही तीच गत. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त होणाऱ्या फिटर-टर्नरांच्या हातातील कसब निवृत्तिवेतनाबरोबर घरी जाऊन बसते. ही माणसे रविवारी दोन तास वाचनालयाच्या टेबलाशी बसली, तर त्यांच्याहून चांगले गुरुजन कोठून आणणार? निर्मितीशाळेत यंत्राहून शिकविणाऱ्याचे मोल अधिक, आणि या संपत्तीत भंडारा जिल्हा दरिद्री नाही.

केंद्र सरकारच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ देशभरातील १०,००० हून अधिक शाळांत निघाल्या आहेत, हे उत्तमच; पण त्या मुख्यत्वे सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी. शाळा सुटलेला तरुण, गृहिणी, वृद्ध कारागीर यांना दार उघडे असते ते सार्वजनिक वाचनालयाचेच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना मान्यतेची व अनुदानाची चौकट दिली. अनुदानावर हा भार टाकणे मात्र अयोग्य, आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या ग्रंथपालावर तर त्याहूनही अयोग्य. त्यासाठी देणगीची व स्वयंसेवकांची निराळी तजवीज हवी. सोल्डरिंगचा धूर व ठिणगी पुस्तकांपासून दूर राहावी म्हणून खोली स्वतंत्र असावी, हत्यारांची देवघेव पुस्तकांप्रमाणेच नोंदवहीत चढवावी, आणि धारदार वा विजेच्या हत्यारांना जाणत्याच्या देखरेखीशिवाय कोणी हात लावू नये.

भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सातही तालुक्यांतील वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आणि सभासदांनी तोवर वाट न पाहता तसा लेखी अर्ज आजच चिटणिसांकडे द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.